स्वयंपाकघराची मागची भिंत

तात्या, उद्या सकाळी तुमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत फोडायची आहे. वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही, साष्टांग नमस्कारही नाहीत. विसरलो असं समजू नका. नमस्कार तुम्हांला जिवंतपणी पोटभर घातले. आज रविवार, ठाण्याची कचेरी बंद, आणि मी कल्याणात आपल्याच ओटीवर, तुमच्याच लोडाला टेकून, तुमच्याच कलत्या मेजावर कागद ठेवून बसलो आहे. या मेजाला कुणी हात लावलेला तुम्हांला खपत नसे. आता त्यावर माझी शाई दोनदा सांडली आहे आणि डाग मी पुसलेले नाहीत. तुम्हांला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलायचं नसतं, ते मी चारचौघांत पाळत आलो. पण इथं चारचौघं नाहीत. हे तुमच्या तोंडावर बोलतो आहे आणि एकदाच बोलणार आहे, तेव्हा ऐकून घ्या. मध्येच हात वर करून मला गप्प करायची तुमची सोय आता उरलेली नाही.

समोर नकाशा पसरला आहे. दोन महिने खपून मी स्वतः काढला. इमारत खात्यातल्या ओव्हरसिअरच्या हातचा आहे, तेव्हा रेघ न् रेघ सरळ आहे. त्यात काय काय आहे ते सांगतो. मागच्या भिंतीत तीन फूट रुंद खिडकी, परसाकडे उघडणारी, तुम्ही बुजवलीत नेमकी तिथंच. चुलीवर विटांचं धुराडं, पार आढ्याच्या वर दोन हात जाणारं, म्हणजे आळीच्या तोंडापासून दिसेल आणि तुम्हांला ओळखणारा प्रत्येक म्हातारा मान वर करून बघेल. छपरात दोन काचेची कौलं. आणि मोरी. मोरी कुठं ते विचारा. स्वयंपाकघराच्या दाराशी उजव्या हाताला तुमचा पाट असे. तिथून चुलीपासून ताटापर्यंत सगळ्यावर तुमची नजर राही आणि धूर मात्र तुमच्यापर्यंत पोचत नसे. त्या जागेची फरशी मी उखडणार आहे आणि तिथं खरकटी भांडी घासायची मोरी करणार आहे. उताराच्या दृष्टीनं जागा वाईट आहे. पाणी परसात न्यायला आठ फूट जास्तीची पन्हळ बांधावी लागेल. बांधू. खात्याच्या कामात असा नकाशा दिला असता तर साहेबानं तो माझ्या तोंडावर फेकला असता, पण हे खात्याचं काम नाही.

तुम्ही विसरला असाल, म्हणून आता मागचं सांगतो. तुम्हांला सोयीचं तेवढं आठवत असे. मी बारा वर्षांचा होतो. तोवर त्या भिंतीला एक खिडकी होती, हातभर रुंद, आणि आईचं कसंबसं निभत होतं. पावसाळ्यात ओल्या लाकडांचा धूर फार होई, म्हणून आईनं धुराड्याचा विषय काढला. काढला म्हणजे काय, आत्याकरवी तुमच्या कानावर घातला. स्वतः बोलायची तिची काय बिशाद होती? तुम्ही नुकतेच मामलेदार कचेरीत एक पायरी वर चढला होतात, खुशीत होतात, हो म्हणालात. ठाण्याहून गवंडी आणवलात. किरिस्ताव होता, पण हाताचा पक्का, तिथल्या चर्चची भिंत दुरुस्त करून आलेला. आळीत दुसऱ्यांकडेही गवंडी येत. देव आणि भांडी माजघरात हलवत, गवंडी आत येऊन काम करून जाई, मग शेणसडा, गोमूत्र, भटजींना बोलावून पुण्याहवाचन, की घर पुन्हा सोवळं. कुणाचं काही अडत नसे. तुम्हांला तेवढंही नको होतं. किरिस्तावाचा पाय स्वयंपाकघरात पडायचा नाही आणि चूल एक दिवसही बंद ठेवायची नाही. मग कसं? तर तुम्ही आत सोवळ्याचा मुकटा नेसून उभे, तो बाहेर परसात शिडीवर, मध्ये दीड हात जाडीची भिंत. तुम्ही आतून ओरडून सांगायचं, त्यानं बाहेरून फोडायचं. जगात कुणी असं धुराडं बांधलं असेल तर मला दाखवा.

मी परसात उभा होतो, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. तुम्ही आतून म्हणालात, खिडकीपासून सव्वा हात डावीकडे. त्यानं बाहेरून विचारलं, रावसाहेब, तुमच्या डावीकडं का माझ्या? शहाणा प्रश्न होता. आज माझ्या हाताखालचा एखादा मुकादम असं विचारील तर मी त्याची पाठ थोपटीन. तुम्ही म्हणालात, "डावा म्हणजे डावा." त्यानं पुन्हा विचारलं. तुम्हांला तो उद्धटपणा वाटला आणि तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. तो बिचारा शिडीवरून खाली वाकला आणि चूल कुठं आहे ते पाहायला त्यानं खिडकीतून आत डोकावलं. झालं! तुम्ही असे कडाडलात की आईच्या हातून भाताचं पातेलं निसटलं आणि कढत पेज तिच्या पायावर सांडली. अन्नावर नजर पडली म्हणून सगळा स्वयंपाक गाईपुढं ओतलात. आईला भाजल्या पायानं पुन्हा आंघोळ करायला लावलीत आणि पुन्हा रांधायला बसवलीत. गवंडी पुन्हा शिडी चढला. आपल्या डाव्या हाताला सरकला आणि भोक पाडून मोकळा झाला. आतून ते उजव्या हाताला आलं. चूल राहिली तिकडे आणि भोक आलं देव्हाऱ्यावर.

मी धावत आत आलो आणि म्हणालो, तात्या, आतून आणि बाहेरून उलटं होतं हो. तुम्ही माझ्या कानाखाली ठेवून दिलीत. "कारकुनाचा मुलगा आहेस, गवंड्याचा नाहीस," एवढंच म्हणालात. त्या दिवशी मला जेवायला मिळालं नाही, त्याचं काही नाही. पण संध्याकाळी ओटीवर चार माणसं जमली तेव्हा तुम्ही सांगितलंत की गवंडी दारू पिऊन आला होता. मी ऐकलं. तो शुद्धीवर होता, तात्या. त्या परसात शुद्धीवर असलेला तो एकटाच होता. पुढं पावसाचं पाणी त्या भोकातून थेट बाळकृष्णाच्या डोक्यावर गळायला लागलं, म्हणून तुम्ही भोक बुजवलंत. आणि तेवढ्यावर थांबला नाहीत. खिडकीतून पुन्हा कुणाची नजर अन्नावर पडायला नको, म्हणून तीही विटांनी बुजवलीत. धुराड्याला सुरुवात झाली धूर बाहेर घालवायला, आणि शेवट झाला होती ती खिडकी जाऊन. नंतर कुणी विचारलं तर तुम्ही म्हणत असा, देवाच्या मनात नव्हतं.

त्या अंधारात आई जवळजवळ तीस वर्षं रांधत बसली. मी पुण्याला शिकायला गेलो आणि दुसऱ्या दिवाळीला घरी आलो, तेव्हा तिनं ओवाळताना निरांजन माझ्या नाकाशी आणलं. मी मागं सरकलो, तर हसली, म्हणाली, अंतर कळत नाही रे हल्ली. एका डोळ्यात फूल पडलं होतं. चाळिशीही गाठली नव्हती तिनं. मी तुम्हांला सांगितलं, तर तुम्ही पानावरून मानही वर केली नाहीत. बायकांचं वयानं होतंच असं, म्हणालात आणि कढी वाढायला सांगितलीत. ती कढी तिनं अर्धी तुमच्या वाटीत आणि अर्धी पाटावर वाढली आणि तुम्ही तिच्यावर वसकन ओरडलात. मी समोर बसून जेवलो.

खोटं बोलत नाही, एक चांगली गोष्टही आठवते आणि तिचाच जास्त राग येतो. मी परीक्षा पास झालो तेव्हा तुम्ही मुंबईला माणूस पाठवून माझ्यासाठी घडीची फूटपट्टी आणवलीत, पितळी बिजागऱ्यांची. आळीभर दाखवलीत. आमचा मुलगा सरकारच्या इमारती बांधणार, म्हणून छाती काढून सांगत होतात. कारकुनाचा मुलगा आहेस, गवंड्याचा नाहीस, हे तुमचंच वाक्य तुम्ही विसरला होतात. मी विसरलो नव्हतो. तुम्ही कचेरीत गेल्यावर मी आंघोळ केली, मुकटा नेसलो आणि त्या पट्टीनं पहिलं माप घेतलं ते स्वयंपाकघराचं. चुलीपासून सगळ्यांत जवळचा उजेड सतरा फुटांवर होता, माजघराच्या दारात. सतरा फूट धूर कापून गेल्यावर त्या बाईला दिवस दिसायचा.

पुढं खात्यात लागलो आणि पहिल्याच वर्षी शहाडच्या बाजूला नदीकाठी एका साहेबाच्या बंगल्याचं काम माझ्याकडे आलं. त्याला स्वयंपाकाची वेगळी खोली होती. तिला दोन खिडक्या, समोरासमोर. चुलीवर धुराडं, त्याचं तोंड किती, उंची किती, सगळं पुस्तकात दिलेलं. मी रात्रंदिवस उभं राहून ते बांधून घेतलं. पहिल्यांदा चूल पेटवली तेव्हा धूर असा सरळ वर गेला की खानसामा खूश होऊन मला सलाम करायला आला. त्याचे डोळे स्वच्छ होते, तात्या. पन्नाशीचा माणूस, जन्म चुलीपुढं गेलेला, आणि दूरवर नदीतली होडी बघून सांगत होता, तिच्यात किती माणसं आहेत ते. मी घरी येऊन जेवायला बसलो तर आई चाचपडत वाढत होती. त्या दिवसापासून मी मनात नकाशा काढतो आहे. तुम्ही होता तोवर कागदावर काढायची सोय नव्हती.

आणि आता का, असं विचाराल तर तुमच्या सुनेमुळे. आईची नजर पाच वर्षांपूर्वी अगदीच गेली आणि चूल पूर्णपणे हिच्याकडे आली. यंदा श्रावणात हिचे डोळे लाल झाले ते उतरेचनात. आधी म्हणाली, मिरच्या कुटल्या. मग म्हणाली, जागरण झालं. एकदा हिनं आमटीत मिठाऐवजी पिठीसाखर घातली आणि एकदा उतू जाणारं दूध समोर असून हिला दिसलं नाही, वासानं कळलं. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एक डॉक्टर बसतो, त्याच्याकडे नेली. त्यानं पापण्या उलटून पाहिल्या, औषधाचे थेंब दिले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की थेंबांचा उपयोग धूर बंद झाला तरच; नाहीतर दोन-तीन वर्षांत हिचंही आटोपलं. हिनं मला विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, म्हणाला, स्वयंपाकघर नवं करा. ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतो आहे.

मग मी गवंडी शोधला. कोणता, ते ऐकून तुम्हांला बरं वाटणार नाही, म्हणून आवर्जून सांगतो. तोच. सत्तरी उलटली आहे, ठाण्याला चर्चच्या मागं लेकीकडे असतो, ओझं उचलत नाही पण दोन भाचे हाताशी घेऊन कामं करतो. मी कोण ते सांगितलं, तर त्यानं लगेच ओळखलं. त्याला सगळं आठवत होतं, पातेलं पडल्याचा आवाजसुद्धा. तुमच्या त्या दारूच्या गोष्टीमुळे पुढं कल्याणात त्याला कुणी दोन वर्षं उंबऱ्याशी उभं केलं नाही, हे त्यानं मला फार शांतपणे सांगितलं. मी कामाचं विचारलं. तो म्हणाला, "मना आत येव दिला तर येन. भायेरशी मी आता काय बी करनार नाय." मी म्हटलं, आत या, पुढच्या दारानं या. तुमच्या पुढच्या दारानं, तात्या! ओटीवरून, माजघरातून, तुमच्या पाटावरून पाय टाकून तो जाणार आहे. हे लिहिताना माझ्या हाताला जे बरं वाटतं आहे ते तुम्हांला कळावं, म्हणून हा सगळा कागदाचा खटाटोप.

राहता राहिली आई. तिला अजून सांगितलेलं नाही. तुमचं सोवळं तिनं तुमच्याहून कडक चालवलं आहे, आंधळी झाली तरी मुकट्याला कुणाचा पदर लागला तर तिला कळतं. ती नाही म्हणेल. तेव्हा काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं आहे. तिच्यापुढं बसून मी तुमचा एक एक गुन्हा मोजणार आहे आणि शेवटी सांगणार आहे की तुझे दोन्ही डोळे त्या माणसानं खाल्ले, त्याचा शब्द आता या घरात चालायचा नाही. आतून हाक येते आहे तिची. तेच करायला उठतो.

बुधवार. तीन दिवस हा कागद तसाच पडला होता. रविवारी आत गेलो तो नकाशा हातात घेऊनच. आई माजघरात वाती वळत बसली होती, ही शेजारी डाळ निवडत होती, डाळ अगदी डोळ्यांशी नेऊन. मी आधी गोड बोललो. खिडकी सांगितली, धुराडं सांगितलं, काचेची कौलं सांगितली. आई ऐकत होती. मग तिनं विचारलं, खिडकी जमिनीपासून किती वर? मी म्हटलं, चार फूट. तिनं हात पुढं केला आणि माझी फूटपट्टी मागितली. बसल्या जागी ती जमिनीवर उभी धरून, बोटांनी चाचपत, वर वर हात नेला, पार डोक्याच्या वर. म्हणाली, बसलेल्या बाईला यातून काय दिसायचं? आभाळ? आणि खरंच, तात्या, मी तो नकाशा साहेबाच्या स्वयंपाकघराच्या मापानं काढला होता. तिथला खानसामा उभ्यानं रांधतो. वीस वर्षं मी सरकारचे नकाशे काढतो आहे आणि आपल्या घरातल्या बायका बसून रांधतात हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. ही डाळीत बोटं फिरवत होती. आईनं तिला विचारलं, तुला कुठवर हवी ग? ही म्हणाली, बसलं की परसातली विहीर दिसली पाहिजे. एवढी वर्षं हिला काय हवं ते कुणी विचारलं नव्हतं. मीही दोन महिने नकाशा काढत होतो, पण विचारलं नव्हतं. खोडरबर घेऊन मी खिडकी दीड फुटावर आणली.

मग मी मोरीचं सांगितलं. कुठं ते सांगितलं, आणि का तेही सांगितलं, कारण मला राहवलं नाही. आई वाती वळायची थांबली. म्हणाली, "तिथं पाणी तुंबेल. तुंबलेलं उपसायला तुझी बायको बसेल. ते नाही बसायचे." मी म्हटलं, आई, मला त्यांना तिथं बसवायचं आहे, खरकट्यात. ती म्हणाली, मोरी विहिरीच्या बाजूला घे. मी ती रेघही खोडली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तुमच्यावर उगवायचा एक सूड हाती होता, तो तिनं असा काढून घेतला. त्या रागातच मी गवंड्याचं बोललो. तोच किरिस्ताव, म्हटलं, आत येईल, पुढच्या दारानं, आणि तू नाही म्हणू नकोस.

ती म्हणाली, येऊ दे.

इतकंच. मी इतका तयारीनं आलो होतो की मला थांबता येईना. ती हो म्हणाली तरी मी ठरवलेलं सगळं बोलत सुटलो. पातेलं, भाजलेला पाय, बाळकृष्ण, विटा, कढी. सगळं मोजलं आणि शेवटी ठरवलेलं वाक्यही म्हटलं, की तुझे दोन्ही डोळे त्यांनी खाल्ले. आईनं मला पुरतं बोलू दिलं. मग ज्या बाजूनं माझा आवाज येत होता तिकडे तोंड करून म्हणाली, "एक डोळा त्यांच्या वेळी गेला. दुसरा तुझ्या वेळी गेला. एकोणीस वर्षं काय करत होतास?" रागानं म्हणाली नाही. वातींची परडी किती भरली ते जसं विचारते, तसं म्हणाली. ही तिथंच बसली होती. हिनं डाळीचं सूप उचललं आणि आत गेली.

मी ओटीवर येऊन बसलो आणि हा कागद उचलला, पण तसाच खाली ठेवला. राग गेला असं समजू नका. तो आहे, तुमच्यासाठी मी मरेपर्यंत जपून ठेवणार आहे. पण तिचं खोटं नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा आईला एका डोळ्यानं सुईत दोरा ओवता येत होता. चौदा वर्षं तो डोळा मग त्याच भिंतीपुढं बसला, आणि घर माझं होतं, नकाशे माझे होते, गवंडी माझ्या हुकुमाखाली होते.

सोमवारी ठरल्याप्रमाणे काम झालं. आईनं शेजारणीकडून परसात तात्पुरती चूल मांडून घेतली, देव स्वतः ओच्यात घेऊन माजघरात हलवले. म्हातारा गवंडी पुढच्या दारानं आला. उंबऱ्याशी अडखळला, पायातलं काढून हातात धरून उभा राहिला. आई म्हणाली, त्या दिवशी पातेलं माझ्या हातून पडलं आणि बोलणी तुम्हांला बसली. तो गडबडला, नाय नाय म्हणाला. मग आत गेला आणि ज्या चुलीसाठी आला होता ती त्यानं पहिल्यांदा पाहिली. बराच वेळ पाहत होता. मला म्हणाला, धुरानं भिंत एवढी काळी झालेली मी लोहाराकडंही पाहिली नाही. भाच्याच्या हातात पहार दिली आणि बुजवलेल्या खिडकीवर खडूनं फुली मारली. दुपारपर्यंत खिडकी मोकळी झाली. ही आत जाऊन रिकाम्या चुलीशी बसून आली. विहीर दिसते म्हणाली. डोळ्यांचं काय होईल ते डॉक्टरालाही सांगता येत नाही. वेळेत आहे की नाही ते दिवाळीपर्यंत कळेल.

आईला मी अजून उत्तर दिलेलं नाही. बदल्या झाल्या, पाऊस लवकर आला, मुलींची लग्नं निघाली, हे सगळं तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे आणि ती ते उत्तर म्हणून घ्यायची नाही. खरं ते तुम्हांला सांगतो, कारण हा कागद कुठं जायचा नाही आणि तुम्ही कुणाजवळ बोलायचे नाही. तुमच्या मागं तीनदा मी मुकटा नेसून, हातात पहार घेऊन त्या भिंतीपुढं उभा राहिलो आहे. तीनही वेळा मान वळवून ओटीकडे पाहिलं आणि पहार ठेवून दिली. सोमवारीही भाच्यानं पहार उचलली आणि मी त्याला थांब म्हणालो. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्याला टक्कल, आणि मी दारातून ओटीकडे बघत होतो, तुम्ही येत तर नाही ना म्हणून. गवंडी माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा तुमची सून काही न विचारता उठली, तिनं ओटीचं दार ओढून घेतलं, आतून कडी घातली, आणि मग माझ्या तोंडून मार म्हणून निघालं.